मेलेला पराग

"मॅडम, घडांत खजूर नाय! नुसते मणी लटकतायत. अर्बाब मला गावाला पाठवायचं म्हणतोय. तुम्ही या, आत्ताच्या आत्ता या!"

फोन शरीफचा होता. माणूस रत्नागिरीकडचा, ओमानमधल्या इब्रीबाहेरच्या हसन अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, खजूरबागेचा सुपरवायझर. रेवा इब्रीतल्या एका कृषी मार्गदर्शन केंद्रात सल्लागार होती. माती तपासायची, कीड ओळखायची, बागांमध्ये जाऊन मालकांशी डोकेफोड करायची, हा तिचा रोजचा उद्योग. खजुराच्या मादी झाडांवर नर झाडाचा पराग हाताने शिंपडावा लागतो, आणि तो पराग वाळवून बरणीत भरून केंद्रच देत असे. त्यामुळे शरीफचं पीक बुडालं तर बोट केंद्राकडेही वळणार होतं.

रेवा तडक निघाली.

फाटकाजवळच्या झाडांवर घड छान भरले होते. आतल्या झाडांवर मात्र एकेका फुलाच्या जागी तीन-तीन बारकी फळं लोंबत होती. रेवाने एक फोडलं. आत बी नव्हतं. या झाडांना पराग लागलाच नव्हता.

"फाटकाजवळच्या झाडांवर पराग आधी शिंपडलात?"

"हो. ती लवकर फुलतात. बाकीची पुढच्या आठवड्यात केली."

"पराग तोच?"

"तोच. तुमच्याच बरणीतला."

"मधल्या दिवसांत बरणी कुठे होती?"

"घरात, फ्रिजमध्ये. तुम्हीच सांगितलेलं ना!"

हसन अर्बाब काठी टेकत आला. आवाज चढवणाऱ्यांतला तो नव्हता, आणि अशा मालकांचीच जास्त भीती वाटते. "एकतर याने काम केलं नाही," तो अरबीत म्हणाला, "किंवा तुमचा पराग खराब होता. उद्यापर्यंत मला सांगा."

रेवाने उरलेल्या परागाची बरणी मागून घेतली. गाडीत बसताना तिने ती समोर काचेपाशी ठेवली आणि ती पर्समध्ये चावी शोधू लागली. अर्बाबची पिकअप चालवणारा जुनैद, शरीफच्याच गावचा, शेजारीच टायर धूत होता.

"मॅडम, काचेआड नका ठेवू, मरून जाईल," तो म्हणाला. "खाली एसीत ठेवा."

रेवाने आभार मानले आणि बरणी खाली ठेवली.

केंद्रात तिने दोन चाचण्या लावल्या. साखरेच्या पाण्यात जिवंत परागाला बारीक कोंब फुटतात. केंद्रात शिल्लक असलेल्या त्याच परागाला ते फुटले. शरीफच्या बरणीतला पराग मात्र ढिम्म पडून राहिला. म्हणजे केंद्राने दिला तेव्हा तो चांगला होता, आणि फाटकाजवळची झाडं करतानाही चांगला होता. मग शरीफच्या घरात तो मेला कसा?

सकाळी रेवा शरीफच्या बायकोच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. रहिमाने चहा ठेवला.

"रहिमा, बरणी फ्रिजमधून कुणी काढली?"

रहिमा रडायलाच लागली. "मीच. मी ऊन दाखवलं त्याला. आमच्याकडे सोडे, कोकम, सगळ्याला ऊन दाखवतात, नायतर बुरशी धरते. मना काय माहीत हे उन्हाने मरतं म्हणून! ह्यांना नका सांगू."

"अंगणात ठेवलंस?"

"नाय, पिकअपमध्ये. काचेआड. वाऱ्याने उडून गेलं असतं."

"एकदाच?"

"रोज दुपारी."

"पिकअपची चावी कुणाकडे असते?"

रहिमाचं रडणं थांबलं. तिने चहा गाळला आणि कप पुढे केला. रेवा चहा संपवून उठली.

दुपारी अर्बाबच्या बैठकीत सगळे जमले. कॉफीचे पेले फिरले. रेवा आधी अरबीत बोलली, मग मराठीत.

"पराग रहिमाने उन्हात ठेवला. पण तिच्या एकटीच्या डोक्यातून हे निघालेलं नाही. कोकणातली बाई वाळवण अंगणात घालते, वर ओढणी टाकते. बंद गाडीच्या काचेआड, जिथे उकडून जीव जाईल, तिथे ती का ठेवेल? तिला जागा कुणीतरी सुचवली आणि रोज गाडीही उघडून दिली. चावी एकाचकडे असते. काल मी काचेपाशी ठेवलेली बरणी पाहून तोच म्हणाला, काचेआड मरेल. जुनैद, मरेल हे तुला माहीत होतं. मग रहिमाला का नाही सांगितलंस?"

जुनैद हसला. पकडला गेल्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं.

"माझा धाकटा भाऊ हमझा ह्याच बागेत होता. पंप कोरडा चालून जळला. चालू ठेवून झोपला हा शरीफ, आणि अर्बाबपुढे नाव घेतलं हमझाचं! व्हिसा कॅन्सल. ठरलेलं लग्न मोडलं त्याचं. अजून घराबाहेर पडत नाय तो. म्हटलं, ह्याला पण तसंच जाऊदे, मान खाली घालून."

"आणि रहिमाच का?"

"बायकोच्या हातून झालं तर हा कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ."

रहिमा दारात उभी होती. "एकाच गावचे आपण. भाऊ म्हणायची मी तुला," ती म्हणाली. जुनैदचं हसू मावळलं.

रेवाने सारं अरबीत सांगितलं. पंपाची गोष्ट अर्बाबने हाताने उडवून लावली. पकडला गेलेला माणूस काय वाट्टेल ते बोलतो, असं त्याचं म्हणणं. "जुनैद खलास," तो म्हणाला. "शरीफ राहील." शरीफने अल्लाचे आभार मानले.

"थांबा," रहिमा नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली. "पंप जळला त्या दुपारी हमझा माझं औषध आणायला इब्रीत गेला होता. पंपावर तुम्ही होतात. आणि मला सांगितलंत, तो कंटाळून गावी गेला."

"आता तो विषय कशाला? वाचलो ना आपण!"

"मॅडम, अर्बाबला सांगा. एक शब्द गाळू नका."

"रहिमा, गप! आपल्यालाच परत जावं लागेल!"

"जाऊ की."

रेवाने सांगितलं. अर्बाबने पेला खाली ठेवला आणि शरीफला एवढंच विचारलं, "खरं?"  शरीफने होकारार्थी मान हलवली. अर्बाबने त्यालाही दाराकडे बोट दाखवलं.

रहिमा सामान बांधायला निघाली. जुनैदपाशी येऊन ती थांबली. त्याला वाटलं, ही आता माफ करणार.

"हमझाचं फिटलं," ती म्हणाली. "माझं तुझ्याकडून अजून बाकी हाय. गावात भेटूच."