दीपस्तंभावरची पेटी

"थिनर द्या. आणि त्याहून जालीम काही असेल तर तेही द्या," मी हार्डवेअरच्या दुकानदाराला म्हणाले.

"कशावर लावणार?" शेजारून कुणीतरी विचारलं.

वळून पाहिलं. उंच, दोन दिवसांची दाढी, हातात स्क्रूची पुडी. मला घाईच्या वेळी चौकशा करणारी माणसं अजिबात खपत नाहीत.

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही... काचेवर असेल तर खुशाल लावा. पण अ‍ॅक्रिलिक असेल तर नका लावू. थिनर काय, नेलपॉलिश रिमूव्हर काय, सगळं सारखंच. अ‍ॅक्रिलिक पांढरं पडतं, आणि मग काही केल्या पुन्हा नितळ होत नाही."

तासाभरापूर्वी मी नेमकं तेच करून बसले होते.

झालं असं, की आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाच वाजता हौशी लोकांच्या हस्तकलेचं पंधरा दिवसांचं प्रदर्शन उघडणार होतं. नऊ वस्तू, काचेसारख्या दिसणाऱ्या नऊ अ‍ॅक्रिलिकच्या पेट्या. मी उत्साहाच्या भरात प्रत्येक पेटीच्या समोरच, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने, माहितीची पट्टी डकवली. सकाळी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपाल, आल्या, एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "वस्तू बघायची की पट्टी? काढा त्या." पट्ट्या निघाल्या, पण गोंद काही निघेना. नखाने खरवडला तर तो आणखीच पसरला. मग मला अक्कल सुचली आणि पर्समधला रिमूव्हर घेऊन मी सगळ्यात आधी बाबांची पेटी पुसली... आणि पुढची बाजू धुरकट झाली.

बाबांची पेटी. तिच्यात त्यांचा दीपस्तंभ होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या बाबांनी सहा वर्षं खपून आगपेटीच्या काड्यांचा बनवलेला. घराबाहेर तो कधी गेला नव्हता. मी महिनाभर मागे लागले तेव्हा एकाच अटीवर दिला: "प्रत्येक काडी दिसली पाहिजे. नाहीतर मी उचलून घरी आणीन, आणि परत मागायचा नाही." बाबा एकदा बोलले की बोलले.

"थिनर राहू दे," मी दुकानदाराला म्हणाले. मग त्या माणसाकडे न बघताच विचारलं, "गोंद कसा काढायचा मग?"

"तेल आहे तुमच्याकडे? खायचं?"

"का, भूक लागलीय?"

तो हसला. असा हसला, की मला उगाच माझ्या विस्कटलेल्या केसांची आठवण झाली. "चला, दाखवतो," तो म्हणाला.

वाचनालयात शिरल्यावर तो मला न विचारता डावीकडे हॉलकडे वळला. माझ्या ते लक्षात आलं, पण तेव्हा डोकं ठिकाणावर होतं कुठे? मी आधी धावत जाऊन कोपऱ्यातल्या बाबांच्या पेटीवर टेबलक्लॉथ टाकला.

"ती?"

"ती झाली. ह्या आठ राहिल्यात."

चहाच्या खोलीतून तेल आणलं, कोमट पाणी आणलं, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले. त्याने कापसाचे बोळे तेलात भिजवून प्रत्येक डागावर ठेवले. "आता दहा मिनिटं हात लावायचा नाही."

"मला गप्प बसायला जमत नाही."

"बसू नका ना. बोला."

मी बोलले. मोठ्या बाईंबद्दल, बाबांबद्दल, काड्यांबद्दल. तो ऐकत होता, पण मधूनच त्या टेबलक्लॉथकडे बघत होता. चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, ह्याला कळलंय.

मग बोळे उचलून त्याने अंगठा डागावर हलकेच फिरवला. गोंदाच्या बारीक बारीक वळ्या होऊन निघायला लागल्या. "असं. जोर नाही लावायचा." मी जोर लावलाच. त्याने माझा अंगठा दोन बोटांनी उचलून पुन्हा ठेवला, हळू... "असं," तो पुन्हा म्हणाला, आणि ह्या वेळी त्याचा आवाज जरासा बसला होता. मी मान खाली घालून वळ्या काढत राहिले.

कडेचा हट्टी गोंद काढायला त्याने खिशातून एक प्लास्टिकचं कार्ड काढलं. आमच्याच वाचनालयाचं, कोरं करकरीत.

"तुम्ही आमचे सभासद?"

"परवाच झालो."

"मी कसं पाहिलं नाही?"

"तुम्ही जेवायला गेला होतात."

"कुठलं पुस्तक नेलंत?"

"पुस्तक... न्यायचं राहिलं."

मला हसू आवरेना. तोही कानापर्यंत लाल झाला. आठही पेट्या साबणाच्या पाण्याने धुऊन, मऊ सुती कापडाने टिपून झाल्या तेव्हा साडेतीन वाजले होते. पेट्या लख्ख दिसत होत्या. आणि मला एकदम रडू फुटलं.

"काय झालं?"

मी टेबलक्लॉथ ओढला. "हे झालं. रिमूव्हर लावलाय मी. पाच वाजता बाबा येतील, बघतील आणि दीपस्तंभ घेऊन जातील. सहा वर्षं खपलेत हो ते. आणि मी दोन मिनिटांत..."

तो गुडघ्यांवर बसला, धुरकट भागावरून बोट फिरवलं आणि पेटीच्या खालच्या कोपऱ्यात नख घातलं.

"खाली उतरलं नसलं म्हणजे मिळवली," तो पुटपुटला.

कोपरा सुटला. अलगद, टर्रर्र करत एक पातळ पारदर्शक फिल्म वर वर निघत गेली. धुरकटपणा, गोंद, माझ्या नखांचे ओरखडे, सगळं तिच्याबरोबर. खालचं अ‍ॅक्रिलिक नितळ होतं. मागे बाबांचा दीपस्तंभ उभा होता, काडी न् काडी.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच फरशीवर बसले आणि हसत हसत रडले.

"नव्या अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडू नयेत म्हणून असते ही," तो म्हणाला.

डोळे पुसता पुसता माझी ट्यूब पेटली. "थांबा. तुम्हाला कसं माहीत ही अजून आहे ते? बाकीच्या आठांवर तर नव्हती."

"पेट्या मीच बनवल्यात. तीन दिवसांपूर्वी आणून दिल्या, तेव्हा तुम्ही शिडीवर होतात. माझ्याकडे न बघताच म्हणालात, 'ठेवा तिथे.' आठांची फिल्म काढली. नवव्या पेटीपाशी तुम्ही शिडीवरून उतरलात, आणि त्या दीपस्तंभावरची धूळ फुंकायला लागलात... इतकी हळू, की मी बघतच राहिलो. म्हटलं, एक राहू दे. काढायच्या निमित्ताने परत येता येईल."

"मग आला का नाहीत?"

"रोज आलो. हॉलच्या दारापर्यंत."

रागवावं की काय करावं, मला कळेना. "तुमच्या त्या निमित्तापायी माझा जीव जायची वेळ आली होती."

"ते नसतं तर पेटी गेली असती."

मी ती फिल्म नीट गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

पाच वाजता बाबा आले. हात मागे बांधून पेटीभोवती दोनदा फिरले, वाकले, आणि दीपस्तंभाच्या गॅलरीचा कठडा दाखवायला बोट पुढे केलं. ते अ‍ॅक्रिलिकवर आपटलं.

"अरेच्चा, मध्ये काही आहे होय!" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "राहू दे इथेच. पंधरा दिवस काय, महिना राहू दे."

बोटाचा ठसा पुसायला मी कोरडा रुमाल काढला, तर मागून आवाज आला, "कोरडा नको. धूळ घासली जाते, आणि घासलं की पेटी आणखी धूळ ओढून घेते. जरा ओलं फडकं, रोज एकदा."

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, मग मला. "रोज म्हणजे, ह्यांना रोज यावं लागणार म्हणा," असं म्हणत ते विणलेल्या टोप्या बघायला निघून गेले. त्यांना टोप्यांत काडीचा रस नाही.

हॉल रिकामा झाल्यावर तो स्क्रूची पुडी शोधत रेंगाळला. पुडी त्याच्याच खिशात होती.

"उद्या... फडकं घेऊन येऊ?"

"फडकी माझ्याकडे ढीगभर आहेत," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडलात. उद्या काही निमित्त न काढता या."

दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडायला आले, तेव्हा तो पायरीवर बसला होता. दोन्ही हात रिकामे होते.