बाबांचं इंजिन आणि न प्यायलेली कॉफी

“नळी खाली ठेवा. आधी नळी खाली… मग हवं तेवढं भांडा.”

मी दचकून वळले. फाटकाशी एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. मी बाबांच्या गाडीचं बॉनेट उघडून पाण्याची नळी आत रोखली होती, आणि हा पठ्ठ्या जणू मी बंदूक धरल्यासारखा हात वर करून उभा.

“गाडी आमची, पाणी आमचं,” मी म्हटलं. “तुमचं काय जातंय?”

“माझं काही नाही, गाडीचं जाईल. आत्ताच फिरवून आणलीत ना? तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर तडा जातो. शिवाय आपल्या सल्त शहरात आठवड्यातून एकदा पाणी येतं. शेजारी बघतील तर आधी तुम्हालाच धुतील.”

हसू आलं, पण दाखवलं नाही. नाव विचारलं तर म्हणाला, कुतैबा. शाळेत विज्ञान शिकवतो. ओरडायची सवय तिथलीच असणार.

खरं तर मी रडकुंडीला आले होते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून ही पांढरी गाडी अंगणातल्या ऑलिव्हखाली उभी होती. महिन्यातून एकदा मी ती गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायचे, बस्स. रविवारी तिची वार्षिक तपासणी होती. अम्मो नायफ, म्हणजे माझे काका, बोलून चुकले होते, “रुबा, पास झाली तर ठेव. नापास झाली तर विकायची.” इंजिनावर इतकं तेल माखलेलं बघून कोण पास करणार होतं? ते सगळं मी या परक्या माणसाला का सांगितलं, देव जाणे. तो मात्र गप्प ऐकत राहिला. मध्येच काहीतरी बोलायला तोंड उघडलं… आणि मिटलं.

“घरात रोटीच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या आहेत?” त्याने एवढंच विचारलं.

“कोणाच्या घरात नसतात?”

इंजिनावर तळहात टेकवता येईपर्यंत आम्ही थांबलो. मग त्याने आधी मांजर आहे का ते पाहिलं. होतं. बॅटरीमागून ते तोऱ्यात बाहेर आलं आणि माझ्याकडे रागाने बघून निघून गेलं.

“नळी सोडली असती तर…” तो म्हणाला.

“कळलं. आता वर्षभर ऐकवा.”

“वर्षभर?” त्याने मान वर केली. “चालेल की.”

माझे कान तापले. मी घाईघाईने पिशव्या पुढे केल्या.

त्याने बॅटरीची काळी वायर सोडवली. वीज तयार करणारा अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, हवा आत घेणारं तोंड, सगळ्यांना पिशव्या घालून रबरबँडने बांधलं. कोरड्या ब्रशने आम्ही पाचोळा झाडला. मग तेलाचा चिकटा काढणारा साबण फवारला आणि तो वाळायच्या आत दोघं दोन बाजूंनी घासत राहिलो. आमचे ब्रश एकदा मधोमध भेटले. त्याने आपला काढून घेतला नाही… मीही नाही. शेवटी नळीची नुसती बारीक धार, तीही दुरून, आणि लगेच कोरडं फडकं.

तेलाच्या झाकणाखाली कापडाची एक काळी घडी निघाली. त्याने ती साबणाने धुऊन माझ्या हातात दिली. बाबांच्या निळ्या सदऱ्याचा तुकडा होता. गळतंय हे बाबांना माहीत होतं, आणि त्यांनी त्यावर काढलेला उपाय हा असा. मला हसायला आलं आणि हसता हसता रडायला आलं. कुतैबाने माझ्याकडे न बघता तेच झाकण चार वेळा पुसलं. त्या क्षणी तो मला आवडला, सरळच सांगते.

“हे बघा,” तो हळूच म्हणाला. “आता स्वच्छ झालं म्हणून गळती दिसतेय. वरचं रबरी सील कडक झालंय, बाकी काही नाही. उद्या नवीन बसवू. अर्ध्या तासाचं काम.”

यम्माने, म्हणजे माझ्या आईने, आतून वेलदोड्याची काळी कॉफी पाठवली. त्याचे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून त्याने पेला समोरच्या कठड्यावर ठेवून दिला. नेमके तेव्हाच अम्मो नायफ फाटकातून आत आले. नमस्कार-चमत्कार झाले, आणि कुतैबाचा आवाज ऐकून ते थबकले.

“फोनवर तूच होतास ना? नापास झाली तर घ्यायची म्हणून गाडी बघायला येणार होतास?”

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. “म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक आहात?”

“आलो तेव्हा होतो,” तो म्हणाला. “सांगणार होतो. पण तुम्ही बाबांबद्दल बोलायला लागलात… मग तोंडच उघडेना.”

राग आला. खूप आला. मी काही बोलणार एवढ्यात अम्मोंची नजर कठड्यावरच्या भरल्या पेल्यावर गेली. ते स्टूल ओढून ताठ बसले. आमच्याकडे जॉर्डनमध्ये पाहुण्याने कॉफी न पिता समोर ठेवली, की त्याला काहीतरी मागायचं असतं. दिलं म्हटल्याशिवाय तो पेल्याला शिवत नाही, आणि त्याला तसाच परत पाठवणं ही घराची नाचक्की.

“बोल बेटा. काय मागतोस? किंमत कमी हवीय?”

हात तेलकट आहेत, एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता. त्याने काळ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“गाडी विकू नका, अम्मो. रविवारी पास नाही झाली तरीही.”

अम्मो उठून बॉनेटपाशी गेले. माझ्या हातातला निळा तुकडा घेऊन त्यांनी बराच वेळ अंगठ्याने चोळला. त्यांच्या भावाचा सदरा त्यांनी लगेच ओळखला.

“दिली,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “गाडी तिची. पी आता.”

मी तांब्यातून पाणी ओतलं, त्याने साबणाने हात धुतले. किती वेळ धुतले… आणि मीही ओतत राहिले. माझा राग त्याच पाण्याबरोबर कधी गेला, कळलं नाही. मग त्याने एका घोटात कॉफी संपवली. पुरे असेल तर रिकामा पेला हलवून परत करतात. त्याने हलवला नाही, नुसता माझ्यापुढे धरला. मी पुन्हा भरला.

त्याने तो पुन्हा कठड्यावर ठेवला. आणि आता हात अगदी स्वच्छ होते.

अम्मोंनी पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “आता काय राहिलं?”

“त्याच्यासाठी वडिलांना घेऊन यावं लागेल,” कुतैबा खाली बघत म्हणाला. “पण आधी… जिला विचारायचं तिला विचारावं म्हटलं.”

अम्मो माझ्याकडे वळले. मी बॅटरीच्या सुटलेल्या वायरीकडे पाहत उभी राहिले. आयुष्यात एवढी लाजले नव्हते.

“अम्मो,” मी म्हटलं, “त्यांची कॉफी गार होतेय.”