शेजारचं विमान

आधी आवाज आला, माणूस नंतर.

एचएसआर लेआउटमधल्या त्या केंद्रात वैमानिकांच्या सरावासाठी दोन सिम्युलेटर होते. वेगवेगळ्या इमारतींत, एकाच जुन्या केबलने जोडलेले. नेटवर्क सांभाळणाऱ्या सुप्रीताने हेडसेट चढवला, तर पलीकडे कुणीतरी विमानाची मनधरणी करत होतं, "उड ना गं बाई, किती भाव खाशील?"

"स्वल्प थांबा, उडेल ती," तिच्या तोंडून निसटलं.

पलीकडून हसू. "'स्वल्प'? तुम्ही मराठी की कन्नड?"

"इथल्याच राजाजीनगरची मराठी. आमच्याकडे दोन्ही चालतं."

सिम्युलेटर जुळवायला नागपूरहून आलेला श्रीहर्ष तेव्हापासून रोज तिच्याशेजारी उडू लागला. समोर खोटे ढग, खोटी संध्याकाळ. कानातलं हसू मात्र खरं. फक्त तिच्या पडद्यावर त्याचं विमान मधूनच अडखळे, मग उडी मारून पुढे येई. आजच्या चाचणीत ते सरळ उडालं नाही, तर काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार होतं — आणि श्रीहर्ष नागपूरला.

"मी एकटी तपासते तेव्हा सगळं सुरळीत," सुप्रीता म्हणाली. "तुम्ही आलात की बिघडतं."

"माझा परिणाम..."

"विमानावर! जरा गप्प बसता?"

तो गप्प बसला. विमान अलगद तरंगू लागलं.

"आता बोला."

"काय बोलू?" — आणि विमान दचकलं.

केबलवर आधी काय जायचं ते ठरवणाऱ्या स्विचची सेटिंग तिने उघडली. केबलवर पहिला मान आवाजाला दिलेला; विमान कुठे आहे हे सांगणारे संदेश बिचारे मागे रांगेत.

"हे तुम्ही केलंत?"

"पहिल्याच दिवशी. तुमचा आवाज तुटत होता. मला... पूर्ण ऐकायचा होता."

हेडसेटखाली तिचे कान तापले. "आणि विमान?"

"विमानाकडे लक्ष कुठे होतं, अहो!"

तिने क्रम बदलला. त्याचं विमान तिच्या पंखाशी येऊन स्थिर झालं, हात लावावा इतकं जवळ. चाचणी पास झाली. पण आवाज आता तुकड्यातुकड्यांनी येत होता.

"सुप्रीता, मला... तुमच्या... कायम..."

"काही कळत नाहीये हो!"

खट्. हेडसेट ठेवल्याचा आवाज. मग काही मिनिटांनी जिन्यात धावती पावलं, आणि दारात धापा टाकणारा श्रीहर्ष.

"तुमच्या शेजारी राहायचंय," तो म्हणाला. "कायम. मध्ये केबल नको."

सुप्रीताने शेजारच्या सीटवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बस ना," ती हळूच म्हणाली.