एकशेवीस टाके आणि एक पीळ

सोलापुरात बसून लोकरीचा गळपट्टा विणणाऱ्या माणसाला लोक हसणारच. इथे थंडी पाहुण्यासारखी येते, चार दिवस राहते आणि जाते. पण मला तो माझ्यासाठी नको होता. माझी एकुलती एक मुलगी ज्ञानदा पाच वर्षांसाठी कॅनडाला निघाली होती. पुण्याहून मुंबई आणि शुक्रवारी विमान. शिवाय गेल्या वर्षीच्या पॅरालिसिसच्या झटक्यानंतर माझ्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "क्रोशा शिका एकनाथ सर, बोटं मोकळी होतील."

तेहेतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, आता मीच पाटी घेऊन बसलो. शिकवायला खालच्या मजल्यावरच्या नरसम्मा. माहेर-सासर दोन्हीकडे पद्मशाली विणकर, त्यामुळे हात न बघता चालायचा. पहिला आठवडा मी नुसत्या साखळ्या घातल्या आणि त्यांनी त्या उसवायला लावल्या. मग एकदाची एकशेवीस साखळ्यांची पट्टी जमली. तिची दोन टोकं जोडायची आणि त्या कड्यावर खांब, म्हणजे उभे टाके, घालत फिरत राहायचं. दुसऱ्या फेरीपासून एक खांब पुढून उचलायचा, एक मागून, म्हणजे उभ्या धारा उठतात. झाला गळपट्टा, डोक्यावरून घालायचा.

"जोडायच्या आधी टेबलावर सपाट ठिवून बघा," नरसम्मांनी बजावलं होतं.

मी बघितलं नाही. पहिली फेरी संपली तेव्हा सुई साखळीच्या खालच्या अंगाला पोचली होती. जोडताना अर्धा पीळ पडला होता. दुसरा कुणी चरफडला असता, मी मात्र हरखलो. दरवर्षी नववीच्या वर्गात मी कागदाच्या पट्टीला असाच पीळ देऊन चिकटवायचो. तिच्यावरून बोट फिरवत गेलं की एका फेऱ्यात उलट्या अंगाला येतं, दोन फेऱ्यांत पुन्हा सुलट. पोरं आ वासून बघायची. आता तीच पट्टी माझ्या मांडीवर होती, लोकरीची.

नरसम्मांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"उसवा सर."

"अहो, यातच तर गंमत आहे. मुद्दाम ठेवतोय."

"पीळ बसलेलं आमी कुणाच्या गळ्यात घालत न्हाय."

"का?"

"घालत न्हाय," त्या म्हणाल्या आणि चहाचा कप तसाच ठेवून खाली गेल्या.

गळपट्टा सोमवारी पूर्ण झाला. घेर साठ सेंटिमीटर. मंगळवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जायचं म्हणून तो पिशवीत घातला आणि आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्याच्या, बसूच्या, रिक्षात बसलो. जुळे सोलापूर सुटलं, आसरा चौक गेला, सात रस्ता गेला. स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर मी सुटे पैसे काढायला मान खाली घातली. रिक्षा थांबली.

"आलं सर."

समोर आमच्याच अपार्टमेंटचं गेट होतं.

"बसू, वळलास कुठं?"

"वळलो न्हाय ओ. सरळच आलो की."

चेष्टा असेल तर ती वाईट होती, पण बसूचा चेहराही उतरला होता. जिना चढताना मी कठडा उजव्या हातानं घट्ट धरला आणि तिथेच थांबलो. वर्षभरात मला तो हात असा मिटता आला नव्हता. आखडलेली बोटं आता डावीकडे होती.

मी घाबरलो. पण घाबरलो तरी पडताळा घेतल्याशिवाय राहणाऱ्यातला मी नाही. बुधवारी गळपट्टा घरात ठेवून आसरा चौकापर्यंत चालत गेलो आणि पेरू घेऊन सरळ परत आलो. मग तो पिशवीत घालून निघालो. मेडिकलच्या कोपऱ्यावर वळलो तो आमच्याच गेटात. बोटं पुन्हा उजव्या हाताची आखडलेली.

गळपट्टा कपाटात कोंबला आणि ज्ञानदाला फोन केला. म्हटलं, येतो, रिकाम्या हातानं येतो. ती म्हणाली, "बाबा, तुमची तब्येत नको बिघडायला. उद्या मीच येते. दुपारच्या गाडीनं परत."

ती आली. जेवलो. शाल शोधायला तिनं कपाट उघडलं आणि गळपट्टा तिच्या हाती लागला.

"हे तुम्ही केलंत? ह्या बोटांनी?"

तिचे डोळे भरून आले. तिनं तो डोक्यावरून घातला आणि आरशासमोर उभी राहिली. डाव्या नाकपुडीतली चमकी लखलखत होती, तिच्या आईची.

काढ, एवढंच म्हणायचं होतं मला. मला सगळं माहीत होतं. पण पाच वर्षं, आणि माझं वय एकाहत्तर.

"छान दिसतोय," मी म्हणालो.

बसूची रिक्षा गेली. मी खुर्चीत बसून राहिलो.

वीस मिनिटांनी बेल वाजली.

"बाबा, काहीतरी विसरलं बहुतेक," ज्ञानदा दारात उभी राहून म्हणाली. हसत होती, पण ओठ पांढरे पडले होते. चमकी उजव्या नाकपुडीत होती.

गळपट्टा डोक्यावरून निघेना. टेप लावली, घेर चाळीस. टाके मोजले, एकशेवीसच.

उसवायला लोकरीचं शेवटचं टोक शोधलं. मीच आत दडवलं होतं. सापडलं नाही.

कात्रीनं एक टाका कापला. ज्ञानदा किंचाळली आणि तिनं दोन्ही हातांनी गळा धरला. मी पुन्हा कात्रीला हात लावला नाही.

नरसम्मा दारापर्यंत आल्या. तिच्या गळ्याकडे बघितलं आणि तशाच खाली गेल्या.

शुक्रवार गेला. विमान गेलं.

ज्ञानदा रडायची थांबली आहे. दोन घास खाते, माझ्या बोटांना तेल चोळते. घरात दुसऱ्या माणसाचा वावर आहे याचं मला बरं वाटतं, आणि त्याची लाजही वाटते. पुन्हा बाहेर पडायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

आज रविवार. जेवणानंतर माझा डोळा लागला. उठलो तेव्हा ती खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून बसली होती. दाराशी तिच्या चपला होत्या, टाचांना ओली माती.

"चहा टाकू, बाबा?" तिनं विचारलं आणि वळून बघितलं.

चमकी डावीकडे होती.