मिठागरातली दहावी खूण

ही घडलेली गोष्ट आहे. फ्लॉईड ती सहसा कुणाला सांगत नाही. जेवणाआधी तर नाहीच.

गेल्या वर्षीचा मे महिना. नायगावच्या खाडीकडचं एक बंद पडलेलं मिठागर. रात्र नव्हती. दुपारचे तीन, डोक्यावर रणरणतं ऊन.

तिथे भराव टाकून गोदामं उभी राहणार होती. त्याआधी ड्रोनने जमीन मोजायची होती. ड्रोन प्रिस्का उडवायची. फ्लॉईडचं काम जमिनीवर. फोटोंतलं माप बिनचूक यावं म्हणून तो काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा खिळ्यांनी ठोकायचा आणि प्रत्येकीच्या मधोमध जीपीएसची काठी टेकवून जागा नोंदवायचा.

त्या दिवशी त्याने नऊ खुणा ठोकल्या. सगळ्या बांधावर.

ड्रोन वर गेला...

"फ्लॉईड, दहा कशा दिसतायत? तू चिखलात कधी उतरलास?"

"उतरलोच नाही."

दहावी खूण मधल्या वाफ्यात होती. तिथला काळा चिखल नुसता सडत होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

दुसऱ्या कुणाची खूण फोटोंत आली तर मापात घोळ होईल, म्हणून ती काढायला फ्लॉईड काठी घेऊन उतरला.

चिखल नडगीपर्यंत आला. आणि तो गरम होता... लाळेसारखा. पाऊल उपसलं की चोखल्यासारखा आवाज यायचा.

वास आधी सडलेल्या कोलंबीचा वाटला. मग त्यात गोडसर काहीतरी मिसळलं. ओकारीआधी सुटतं तसं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

खेकडे नव्हते. बगळे नव्हते. एवढ्या घाणीत... एकही माशी नव्हती.

खुणेचा पांढरा भाग ओला होता. त्यावर बारीक छिद्रं होती. छिद्रांतून लव उगवलेली.

काळा भाग म्हणजे केस. घट्ट विणलेले.

चार कोपऱ्यांना खिळे नव्हते...

नखं होती.

अकरा वर्षांच्या सवयीने हाताने काठी मधोमध टेकवली. का, ते त्याला आजही कळत नाही. टोकाखाली ते कातडं जरा दबलं... आणि सावकाश वर आलं. श्वास घेताना पोट येतं तसं.

काठीवरचं यंत्र वाजलं. जागा नोंदली गेली होती. त्याने बटण दाबलंच नव्हतं.

"थांबलायस कशाला?" बांधावरून प्रिस्काने हाक मारली. "आता तिथे काहीच दिसत नाहीये."

त्याने खाली पाहिलं. नुसता चिखल.

काठीच्या टोकाला मात्र केसांचा झुपका गुंडाळला होता. मुळांना पिवळट, बुळबुळीत काहीतरी चिकटलेलं.

बांधावर येऊन तो ओकला.

मिठागराची राखण करणारी म्हातारी पलीकडच्या झोपडीत राहायची. ती कळशी घेऊन आली.

"पानी घे. तोंड धू."

मग तिची नजर काठीवर गेली. तिने झुपका सोडवला. चिकटलेली घाण बोटांनी निपटून काढली आणि केस मांडीवर घेऊन शांतपणे विंचरू लागली...

"कमरेखाली पोचायचे तिचे," ती म्हणाली.

"कुणाचे, मावशी?"

तिने झुपका पदराच्या गाठीत बांधला.

ऑफिसात फोटो उघडले. सगळ्या फोटोंत नऊच खुणा. यंत्रात मात्र दहावी नोंद होती, त्याच वाफ्यातली. उंची... जमिनीच्या चार मीटर खाली.

"तिथे खणून बघायला हवं," फ्लॉईड गोदामवाल्याच्या मॅनेजरला म्हणाला.

"खणलं की काम वर्षभर अडेल. ती नोंद काढून टाक."

फ्लॉईडने काढली.

भराव सुरू झाला त्या दिवशी म्हातारी बांधावर उभी होती.

"तुज्या मशिनीत जागा लिवलेली हाय ना?"

"नाही, मावशी."

तिने मान हलवली. पहिला ट्रक त्याच वाफ्यात रिकामा झाला. फ्लॉईडला स्वतःच्याच थुंकीची किळस आली.

त्यानंतर त्याने काठी बदलली. यंत्रही बदललं. तरी रोज सकाळी, कुठल्याही साइटवर, यंत्र सुरू केलं की यादीत आधीच एक जागा नोंदलेली असते.

तो ती रोज पुसतो. मग हात धुतो, साबण संपेपर्यंत.

पहिल्यांदा ती चार मीटर खाली होती.

काल... दीड मीटर.