जुना आवाज काढायचा का?

बसा जवळ. भुतांच्या गोष्टी गोळा करण्यात माझं आयुष्य गेलं. त्यांतलं भूत बहुधा काही मागायला येतं: पाणी, जागा, सूड. परवानगी मागणारं भूत मला एकच ठाऊक आहे. आणि ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझा शाळासोबती.

घरात दोघंच होती, तो आणि दृष्टी गेलेली त्याची विधवा वहिनी. थोरला भाऊ संगणकातला जाणकार. बायकोसाठी त्याने स्वतःचा आवाज महिनोन्‌महिने ध्वनिमुद्रित केला आणि त्याचं एक पॅकेज, म्हणजे संगणकात बसवायची आज्ञावली, घडवलं. यंत्र तिला वर्तमानपत्र, पत्रं, सारं त्याच्या आवाजात वाचून दाखवी. तो गेला, वाचन थांबलं नाही. धाकटा कमवी, रांधी, तिला दवाखान्यात नेई. ती दिवसभर ऐके मात्र गेलेल्याचं. भाऊजी बोलतात की जात्यात खडे भरडतात, असं ती एकदा थट्टेने म्हणाली होती. थट्टा तिची, जिव्हारी लागली याच्या.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. जेवणं आटोपली होती. बँकेचं पान यंत्रातल्या जुन्या लिनक्स प्रणालीवर उघडेना, म्हणून धाकटा ती अद्ययावत करायला बसला. मध्येच पडद्यावर प्रश्न आला: वाचनाचं नवं पॅकेज आणि दादाचं पॅकेज एकत्र नांदू शकत नाहीत, जुनं काढून नवं बसवायचं? या कामातली माणसं असे प्रश्न वाचत नाहीत, ‘हो’ दाबून मोकळी होतात. आपणही सवयीनेच दाबलं, असं तो म्हणतो. पण दादाच्या पॅकेजची राखीव प्रत त्याने, जागा हवी म्हणून, संध्याकाळीच पुसली होती. तेव्हा सवय की आकस, तुम्हीच ठरवा.

यंत्र पुन्हा सुरू झालं. कुणाचाच नसलेला एक गुळगुळीत आवाज बोलू लागला.

“हे कोण, भाऊजी?” वहिनीने विचारलं.

त्याने सांगितलं. ते परत येतील का, एवढंच तिने पुढे विचारलं. तो नाही म्हणाला. ती रडली नाही. यंत्रापुढून उठलीही नाही.

झोपताना त्याने स्वतः यंत्र बंद केलं, वायर उपटली.

मध्यरात्री जाग आली. पलीकडच्या खोलीत दादा बोलत होता. सावकाश. यंत्र विचारतं तसं.

“मला परत यायचं आहे... धाकट्याचा आवाज माझ्याशी जुळत नाही... तो काढू?”

धाकटा उठून बसला. ओरडावं... पण कशाला? वहिनी होती तिथे. ज्या बाईला त्याने सात वर्षं हाताला धरून चालवलं, ती नाहीच म्हणणार.

तो भिंतीला कान लावून बसला.



“काढा,” वहिनी म्हणाली.

सकाळी त्याने तोंड उघडलं. काही नाही. वैद्य झाले, डॉक्टर झाले. गळ्यात दोष सापडला नाही. हे सारं त्याने मला फोनवर टाइप करून सांगितलं.

मी गेलो. माझा भाचा संगणकाच्याच धंद्यातला, त्यालाही नेलं. त्याने यंत्र उलटंपालटं केलं. दादाचं पॅकेज त्यात नाही. दादा मात्र पेपर वाचत होता, खणखणीत. वहिनी ऐकत होती.

धाकटा कोपऱ्यात भाजी निवडत बसला होता. ओठ घट्ट मिटलेले.

गळा हलत होता... दादाच्या शब्दागणिक.