लाल पट्टा

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या हिमगर्भ खाणवसाहतीत प्रत्येकाच्या मनगटावर भयमापी पट्टा असे. घामातलं कॉर्टिसॉल तो सतत मोजायचा. ताण आला की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक रक्तात सोडतात. ते वाढलं की पट्टा लाल. आणि लाल पट्ट्याच्या माणसाचं म्हणणं भीतीपोटी आलेलं, म्हणून बाद. मजूर असो वा अधिकारी, नियम एकच. तो राबवायची नियंता नावाची संगणकप्रणाली, आणि तिच्यापुढे कुणाची रदबदली चालत नसे.

सातव्या बोगद्याच्या छताला तडा गेला. ड्रिलवरचा पेद्रू डाबरे तक्रार घेऊन गेला. पट्टा लाल, तक्रार बाद. त्याच्यामागून गेलेल्यांची तीच गत. मरण डोक्यावर लोंबत असताना कुणाचा पट्टा हिरवा राहणार?

वसाहतीच्या डॉक्टरचा, यामिनी वाघचौरेचा राहिला. तिच्या अधिवृक्क ग्रंथी तरुणपणीच निकामी झाल्या होत्या. हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे बाहेरून घेतलेल्या कॉर्टिसॉलच्याच, गोळ्यांवर ती जगत होती. जेवढं गिळेल तेवढंच भयमापीत दिसे. तडा स्वतः पाहून ती तडक संचालक निनाद रणदिव्यांच्या दालनात शिरली.

"तुमचा पट्टा हिरवाच असणार, डॉक्टर," रणदिवे म्हणाले. "तुमच्या ग्रंथीच मेल्यात. ही साक्ष मी धरणार नाही. उद्या बोगदा सुरू."

"म्हणजे घाबरला तो खोटा, आणि घाबरला नाही तो आजारी?"

"तसं समजा."

संतापाने तिचं डोकं भणभणलं. पट्टा ढिम्म! दवाखान्यात पोहोचेपर्यंत पायांतलं बळ गेलं होतं. अशा दिवशी निरोगी शरीर आपणहून जास्त संप्रेरक बनवतं. तिला गोळी वाढवावी लागे. ती घेण्यासाठी कपाट उघडलं आणि तिचा हात शेजारच्या डेक्सामेथासोनच्या डब्यावर थबकला.

तिने पेद्रूला बोलावून घेतलं.

"माझ्या गोळ्यांसारखं हेही संप्रेरकाचं काम करणारं स्टिरॉइडच. पण भयमापीला हे ओळखता येत नाही. मेंदूला मात्र वाटतं, रक्तात भरपूर संप्रेरक आहे. मग तो अधिवृक्काला हुकूम देणंच थांबवतो. झोपताना एक गोळी घेतलीस, तर सकाळी तुझ्या ग्रंथी गप्प."

"म्हणजे भीती पळणार, डॉक्टरबाई?"

"छे! छाती धडधडेल, हात कापतील. भीती तुझी तुझ्याजवळच राहील. यंत्राला दिसणार नाही, एवढंच."

"आणि अंगाला काही झालं तर?"

"एका गोळीने ग्रंथी कायमच्या झोपत नाहीत, दोनेक दिवसांत पूर्ववत होतात. रोज घेतलीस तर माझ्यासारखा होशील. मधुमेह असलेल्यांना देणार नाही. बाकीच्यांना हे सगळं सांग, आणि ज्याला नको त्याला आग्रह करू नकोस."

पेद्रूने गोळी उजेडात धरून पाहिली. "तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. छताखाली तुम्ही जाण्यापेक्षा बरं."

सकाळी कामाच्या भोंग्यावर कुणीच बोगद्याकडे वळलं नाही. यामिनीसकट सगळे रणदिव्यांच्या दारात उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, आणि गोळी घेतलेल्यांपैकी एकेकाने पुढे होऊन तीच तक्रार नोंदवली. कुणाचा आवाज फाटत होता, कुणाचे ओठ थरथरत होते. मनगटं मात्र हिरवीगार.

"तक्रार ग्राह्य," नियंता म्हणाली. "संचालकांचा निर्णय?"

रणदिवे उठून उभे राहिले. थरथरत्या हातांची, शांत मनगटांची ती माणसं त्यांना समजेनात. "हे... हे शक्य नाही. काही नाही, बोगदा सुरू करा!"

त्यांनी पुन्हा आज्ञा दिली. त्यांचं कपाळ घामाने डबडबलं होतं, आणि बघता बघता त्यांच्या मनगटावरची हिरवळ पिवळी झाली, मग लालभडक.

"संचालकांचा निर्णय भीतीपोटी, म्हणून बाद," नियंता म्हणाली. "तक्रार कायम. बोगदा सात बंद."

खाली कुठेतरी पोलादी दार आदळलं. जमीन किंचित हादरली.

रणदिवे खुर्चीत कोसळले. "यांना काय दिलंत, डॉक्टर?"

"औषध. नाव लिहून देते. पृथ्वीवर कळवा, मीही कळवणार आहे."

"तुमच्यातला एकही घाबरला नव्हता?" रणदिव्यांनी मजुरांना विचारलं.

उत्तर पेद्रूने दिलं. "मरणाचे घाबरलोय, साहेब," आपला हिरवा पट्टा काढून त्याने मेजावर आपटला. "कालही हेच सांगत होतो."